यंत्राचे जुळे आणि उद्योगाची परिपक्वता



महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांत आज अभियांत्रिकी शिकलेला मुलगा किंवा मुलगी नाही, असे घर विरळाच. पूर्वी असा मुलगा कारखान्यात जाई, संध्याकाळी हाताला वंगणाचा वास घेऊन परते आणि तो काय काम करतो हे घरच्यांना विचारावे लागत नसे. आता तो दिवसभर पडद्यासमोर बसतो. आजोबांनी 'तुमच्या कंपनीत नेमके बनते तरी काय?' असे विचारले, तर 'डिजिटल ट्विन' असे उत्तर येते आणि संभाषण तेथेच संपते. ते तेथे संपू नये. या दोन शब्दांमागे जी गोष्ट आहे, तिच्यावर अभियांत्रिकी उद्योगाचे पुढील अर्थकारण मोठ्या प्रमाणात अवलंबून राहणार आहे.

मराठीत त्याला 'संगणकीय जुळे' म्हणता येईल. एखादे यंत्र, पूल, धरण किंवा अख्खा कारखाना प्रत्यक्षात जसा आहे तसाच संगणकात उभा करायचा. प्रत्यक्षातील यंत्राला संवेदक बसवून त्याचे तापमान, दाब, कंपने यांची वार्ता संगणकातील त्या भावंडाला सतत कळवत राहायची. आणि पुढे काय बिघडू शकेल हे आधी तेथे पाहून मग प्रत्यक्षात उपाय करायचा, अशी ही कल्पना आहे. प्रदर्शनांतून मोठ्या पडद्यावर रंगीत टर्बाइन फिरताना दाखवतात आणि पाहणारे मान डोलावतात. वस्तुतः ते चित्र हा या विद्येचा सर्वांत स्वस्त भाग होय. महाग भाग कोणता, हे समजण्यासाठी अर्धशतकाहूनही जुन्या एका अपघाताकडे वळावे लागते.

११ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेचे 'अपोलो १३' हे यान चंद्राकडे निघाले. १३ एप्रिलला, यान पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून अधिक दूर असताना, त्यातील प्राणवायूच्या दुसऱ्या क्रमांकाच्या टाकीचा स्फोट झाला. जिम लोवेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेज या तिघांनी चांद्रयानाचा आश्रय घेतला. ते यान दोघांना सुमारे दोन दिवस पुरेल असे बांधलेले होते. त्यात तिघांना चार दिवस काढायचे होते. जमिनीवर त्या यानाची सराव-यंत्रे होती. अंतराळातून येणाऱ्या आकड्यांनुसार अभियंत्यांनी ती यंत्रे अडचणीत सापडलेल्या यानाच्या स्थितीत आणली. जर्मन गोवराशी संबंध आल्यामुळे ऐनवेळी मोहिमेतून वगळलेले केन मॅटिंगली, थंड पडलेले मुख्य यान अत्यल्प विजेवर पुन्हा कसे जागवायचे, याचा क्रम ठरवण्याच्या कामात सहभागी झाले. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप परतले. संगणकीय जुळ्यांचा इतिहास सांगणारे बहुतेक जण येथूनच सुरुवात करतात आणि येथेच थांबतात.

परंतु या कथेचा अधिक बोधक अर्धा भाग पुढे चौकशीत उघड झाला. प्राणवायूच्या त्या टाकीत एक तापक होता आणि तो फार तापू नये म्हणून तापमान वाढताच वीज तोडणारे छोटे स्विच होते. मूळ आराखडा २८ व्होल्टचा होता. पुढे १९६५ मध्ये, प्रक्षेपणतळावर टाकी जलद भरता-रिकामी करता यावी यासाठी हा भाग ६५ व्होल्टला चालेल असा करावा, असा बदल ठरला. कागद बदलला. तापक बदलला. स्विच मात्र २८ व्होल्टचेच राहिले. बनवणाऱ्यांच्या, घेणाऱ्यांच्या आणि तपासणाऱ्यांच्या अशा कोणाच्याच नजरेस ते आले नाही. त्यातच ती टाकी आधी दुसऱ्या एका यानासाठी बसवलेली होती. ती काढताना १९६८ मध्ये सुमारे पाच सेंटिमीटरवरून आपटली. वरून काही दिसले नाही, म्हणून ती पुढे वापरण्यात आली. उड्डाणाच्या सुमारे दोन आठवडे आधी चाचणीनंतर ती नेहमीप्रमाणे रिकामी होईना. तेव्हा तापक चालू ठेवून आतला प्राणवायू उकळवून काढावा, असे ठरले. तापक आठ तास चालला. ६५ व्होल्टच्या दाबाने स्विचची टोके वितळून एकमेकांना चिकटली, त्यामुळे वीज तुटलीच नाही. समोर तापमापक होता. पण त्याची पट्टी ८० अंश फॅरनहाइटपाशीच संपत होती. तापकाच्या नळीपाशी तापमान हजार अंशांच्या आसपास गेले असावे, असा नंतर अंदाज निघाला. तापमापक ८० दाखवत राहिला आणि पाहणाऱ्यांनी सर्व ठीक आहे असे मानले. तारांवरचे आवरण जळून गेले होते. १३ एप्रिलला टाकीतील पंखे फिरवण्यासाठी वीज सोडली आणि ठिणगी पडली.

येथे जरा थांबून विचार करावा. ज्या सराव-यंत्राने तिघांचे प्राण वाचवण्यास मदत केली, ते अपोलो यानाचे जुळे होते की नाही? होते, पण अपोलो जातीच्या यानाचे. त्या विशिष्ट टाकीचे, जी १९६८ मध्ये आपटली होती, जिचे स्विच २८ व्होल्टचे होते आणि जिची नळी आठ तास तापली होती, तिचे जुळे कोठेच नव्हते. शरीरशास्त्राच्या ग्रंथात मनुष्यदेहाचे वर्णन असते. पण घराण्याच्या डॉक्टरला या विशिष्ट रुग्णाला लहानपणी काय झाले होते आणि कोणते औषध सोसत नाही, हे ठाऊक असते. ग्रंथाचे मोल कमी नाही, मात्र उपचार होतो तो रुग्णावर.

हाच भेद पुढे या शास्त्राचा पाया ठरला. मिशिगन विद्यापीठात २००२ मध्ये मायकेल ग्रीव्ह्ज यांनी उत्पादनाच्या संपूर्ण आयुष्याच्या व्यवस्थापनासंबंधी जो विचार मांडला, त्यात प्रत्यक्षातील वस्तू, संगणकातील वस्तू आणि त्या दोहोंना जोडणारा माहितीचा दुतर्फा प्रवाह अशी तीन अंगे होती. 'डिजिटल ट्विन' हे नाव नंतर आले. 'नासा'चे जॉन व्हिकर्स यांच्याकडे त्याचे श्रेय जाते आणि २०१० मधील 'नासा'च्या तंत्रज्ञानविषयक आराखड्यात ते नाव आढळते. घडण्यापूर्वीच्या वस्तूचे, म्हणजे तिच्या जातीचे जुळे वेगळे आणि घडून बाहेर पडलेल्या प्रत्येक नगाचे जुळे वेगळे, हेही ग्रीव्ह्ज यांनी स्पष्ट केले. दुसऱ्या प्रकारच्या जुळ्याला जन्मापासूनची कुंडली लागते. कोणत्या दिवशी कोणता भाग बदलला, कोणी बदलला, कशाच्या जागी काय बसवले, हे नोंदवावेच लागते. महाग भाग तो हा. त्याला महागडा संगणक लागत नाही, अनेक माणसांची अनेक वर्षे टिकणारी शिस्त लागते.

आता परिपक्वतेचा प्रश्न. २०१८ मध्ये वेर्नर क्रिट्झिंगर आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी या क्षेत्रातील लिखाण चाळून एक उपयुक्त वर्गवारी मांडली. संगणकात केवळ प्रतिमान आहे आणि आकडे हाताने भरावे लागतात, ती पहिली अवस्था. प्रत्यक्षातील यंत्राकडून आकडे आपोआप येतात, पण उलट दिशेला काही जात नाही, ती दुसरी. तिला त्यांनी छाया म्हटले. दोन्ही दिशांनी प्रवाह आपोआप चालतो आणि संगणकातील निष्कर्ष यंत्राच्या वागणुकीत बदल घडवतो, ते खरे जुळे. 'जुळे' म्हणून गौरवलेल्या अनेक गोष्टी वस्तुतः पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच्या असतात, हेही त्यांना आढळले. विक्रेत्यांचे माहितीपत्रक हाती घेताना एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ पैसे वाचतील.

पहिल्या पायरीलाही कमी लेखण्याचे कारण नाही. तिचे जगप्रसिद्ध उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले. परंतु त्याच्या काही खंडांना आडव्या भेगा गेल्या. हे धरण त्या काळच्या सर्वमान्य पद्धतीने आखलेले होते. भूकंपाचा आडवा धक्का म्हणून धरणाच्या वजनाच्या ५ टक्के इतके बल सर्व उंचीवर सारखेच लागेल, असे त्या पद्धतीत धरले जाई. आखणी करणाऱ्यांचा त्यात दोष नव्हता. जगभर तसेच चालत असे.

परंतु कोयनेला एक गोष्ट होती जी इतरत्र फारशी नव्हती. धरणाच्या आत भूकंपाचे त्वरण नोंदवणारे यंत्र बसवलेले होते आणि त्या पहाटे ते चालू होते. त्याने सांगितले की, जमीन ज्या जोराने हलली तो गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्मा होता. गृहीत धरलेले ५ टक्के आणि घडलेले सुमारे निम्मे यांतील अंतर एका यंत्राच्या नोंदीमुळे उघड झाले. बर्कले येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी ती नोंद आणि धरणाचा छेद संगणकात घालून गणित मांडले. १९७३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. धरणाच्या खालच्या बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो, पायापासून सुमारे ६६ मीटरवरच्या त्या वळणापाशी ताण सर्वाधिक येतो, असे गणिताने दाखवले. प्रत्यक्षातील भेगा त्याच पातळीच्या आसपास होत्या. प्रतिमान आणि वस्तू यांची अशी गाठ पडणे त्या काळी दुर्मीळ होते. तेव्हापासून काँक्रीटच्या धरणांवर भूकंपाचा परिणाम मोजणारी नवी संगणकप्रणाली कोणी लिहिली की, ती बहुधा आधी कोयनेवर पारखली जाते. चीनपासून इराणपर्यंत अनेक देशांतील विद्यार्थ्यांनी सह्याद्री न पाहता कोयनेचा छेद काढलेला आहे.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे की, या विद्येत मान मिळतो तो खऱ्या नोंदीला. बर्कलेचा संगणक मोठा होताच. परंतु धरणातील ते यंत्र बंद असते, तर त्या संगणकाला गणित मांडण्याजोगे काही उरले नसते.

उद्योगाच्या दृष्टीने पाहिले तर येथेच गोची आहे. अभियांत्रिकी व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या एका सरळ रीतीवर चालला. निविदा भरायची, नकाशे करायचे, यंत्र बसवायचे, चालू करून दाखवायचे, शेवटचे बिल काढायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. काम पूर्ण होताना 'जसे बांधले तसे' नकाशे ग्राहकाला द्यावेत, अशी अट बहुतेक करारांत असते. पुष्कळदा हे नकाशे म्हणजे मूळ नकाशांवर नवा शिक्का असतो, हे या धंद्यातील जाणत्यांना सांगावे लागू नये. जागेवर नळी एक फूट सरकवली, झडप दुसऱ्या बनावटीची बसवली, पण कागदावर पूर्वीचेच राहिले. अपोलोच्या स्विचची गोष्ट याहून निराळी नाही. अशा नकाशांवरून उभे केलेले जुळे पहिल्या दिवसापासून खोटे बोलते आणि रंगीत असल्यामुळे अधिक विश्वासार्ह वाटते.

शेवटच्या बिलापाशी ज्याचा संबंध संपतो, त्याने खरी नोंद ठेवण्याचे कष्ट का घ्यावेत? हा प्रश्न नीतीचा जितका आहे तितकाच हिशेबाचा आहे. १९६२ मध्ये ब्रिटनमधील ब्रिस्टल सिडली या कंपनीने आपल्या 'व्हायपर' विमान-इंजिनासाठी एक वेगळी योजना काढली. ग्राहकाने इंजिन जितके तास उडेल त्या तासांचे ठरावीक पैसे द्यायचे. दुरुस्ती, सुटे भाग, बदली इंजिन हे सारे कंपनीने पाहायचे. पुढे ही कंपनी रोल्स-रॉईसमध्ये विलीन झाली आणि मोठ्या प्रवासी विमानांच्या इंजिनांपर्यंत ही पद्धत पोहोचली. यात दोघांच्या हिताचे गणित बदलले. पूर्वी इंजिन बिघडले की बनवणाऱ्याला सुटे भाग विकून कमाई होत असे. आता ते बिघडले की त्याचाच तोटा. साहजिकच, उडणाऱ्या प्रत्येक इंजिनाची प्रकृती जाणणे ही त्याची गरज झाली आणि इंजिनांतून आकडे जमिनीवर येऊ लागले. 'जुळे' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्याची आर्थिक गरज जन्मली होती. करार बदलला, म्हणून नोंद सुधारली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याच्या उलट क्रमाने प्रयत्न होतो. करार तोच, बिल तेच, कामाची रीत तीच, आणि वर एक प्रणाली विकत घेतलेली. वर्षभरात तो पडदा पाहुण्यांना दाखवण्यापुरता उरतो.

या परिवर्तनाला दुसरीही बाजू आहे आणि तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. यंत्राची नोंद ज्याच्याकडे, त्याच्याकडे त्या यंत्राचे ज्ञान. आयात केलेले यंत्र आपल्या प्रकृतीची वार्ता थेट परदेशातील उत्पादकाच्या केंद्राला पाठवत असेल आणि ज्याने ते कर्ज काढून घेतले त्या मालकाला मात्र 'बेअरिंग बदला' एवढाच निरोप येत असेल, तर दहा वर्षांनी त्या यंत्राविषयी कोणाला अधिक कळलेले असेल? पुण्या-बंगळुरूतील आपली मुले परदेशी कंपन्यांच्या यंत्रांची जुळी उत्तम रीतीने घडवतात. त्या कामाला कमी लेखू नये, हातात कौशल्य येते ते त्यातूनच. परंतु कोल्हापूरच्या ओतशाळेतील भट्टीचे, इचलकरंजीच्या मागाचे, सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलरचे जुळे कोण घडवणार? आणि त्या नोंदींवर हक्क कोणाचा, हे यंत्र घेतानाच्या करारात लिहिलेले असते काय? भोसरीचा लहान कारखानदार यंत्राच्या किमतीवरून दोन दिवस घासाघीस करतो. नोंदींच्या कलमावर मात्र न वाचता सही करतो. ते कलम वाचायला पैसे पडत नाहीत.

लहान कारखान्याने संपूर्ण जुळ्याच्या मागे लागावे, असा याचा अर्थ नव्हे. ब्रिटनमध्ये केंब्रिज येथील केंद्राने २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील संगणकीय जुळ्यांसाठी तत्त्वे प्रसिद्ध केली. मिथुन राशीच्या जुळ्यांवरून त्यांना 'जेमिनी' हे नाव दिले. त्यांतही पहिला गट प्रयोजनाचा आहे. कशासाठी, हे आधी ठरले पाहिजे. तीस हजारांच्या पंपाला लाखाचे संवेदक बसवणे हा शहाणपणा नव्हे. पण ज्या एका भट्टीवर किंवा ज्या एका कॉम्प्रेसरवर सारा कारखाना उभा आहे, त्याची जन्मापासूनची वही ठेवता येते. भट्टीचे अस्तर कधी बदलले, विजेचा खप किती, कोणत्या घाणीत ओतकाम नासले, हे सारे एका जागी, एका क्रमांकाखाली लिहावे. त्या वहीतून पुढे प्रतिमान होते, प्रतिमानातून छाया. वही नसताना थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारणारे पडतात.

या वहीत सर्वांत मोलाची भर घालू शकणारा मनुष्य कारखान्यात आजही आहे, मात्र तो निवृत्तीच्या दारात आहे. तीस वर्षे एकाच यंत्रावर काढलेला फिटर आवाजावरून बेअरिंग ओळखतो. त्याच्या कानात या यंत्राचे जुळे आहेच. फक्त ते त्याच्याबरोबर घरी जाईल. प्रणाली बसवायला आलेला तरुण अभियंता बहुधा व्यवस्थापकाशी बोलतो, या फिटरशी बोलत नाही. त्याने कधी कोणता आवाज ऐकून यंत्र थांबवले आणि उघडल्यावर आत काय निघाले, अशा पन्नास घटना जरी तारखेनिशी लिहून घेतल्या, तरी संवेदकांच्या आकड्यांना अर्थ लाभेल. संवेदक कंपन मोजतो. ते कंपन वाईट कशावरून, हे त्याला कोणीतरी शिकवावे लागते.

सार्वजनिक कामांतही आशादायक पावले पडली आहेत. नागपूर मेट्रोच्या उभारणीत त्रिमितीय नकाशांना वेळ आणि खर्च ही आणखी दोन परिमाणे जोडणारी पद्धत वापरली गेली. कोणता खांब कोणत्या तारखेला आणि किती खर्चात, हे त्यामुळे एकाच प्रतिमानात पाहता येते. केंद्रीय दूरसंचार विभागाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी 'संगम' हा संगणकीय जुळ्यांचा उपक्रम जाहीर केला. पायाभूत सुविधांच्या आखणीत निरनिराळ्या यंत्रणांकडील माहिती एकत्र आणून पाहण्याचा तो प्रयत्न आहे. रस्ता झाला की आठवड्यात पाण्याच्या नळासाठी तो खणलेला पाहण्याची सवय असलेल्या नागरिकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तथापि, अशा प्रत्येक प्रकल्पात खरी परीक्षा उद्‌घाटनानंतर सुरू होते. बांधणाऱ्यांचे प्रतिमान देखभाल करणाऱ्यांच्या हाती जाते काय, आणि पाचव्या वर्षी बदललेला एक पंखा त्यात सहाव्या दिवशी दिसतो काय? त्यासाठी जबाबदार असा एक मनुष्य, त्याचे पद आणि त्याचा पगार अंदाजपत्रकात लागतो. बहुतेक अंदाजपत्रकांत यंत्रांची खरेदी असते. हे पद नसते.

कोयनेचेच पाहा. भूकंपानंतर धरणाच्या भेगा बुजवण्यात आल्या आणि पुढे त्याला खालच्या बाजूने काँक्रीटचा जाड आधार देऊन बळकट केले गेले. प्रत्यक्षातील धरण बदलले. जगभरच्या संगणकांत मात्र आजही बहुधा तोच जुना, आधार नसलेला छेद उभा असतो आणि त्याच्यावर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचे तेच दहा सेकंद पुन्हा पुन्हा चालवले जातात. अभ्यासासाठी ते योग्यच आहे. शिवसागराच्या काठी पहाऱ्यावर असलेल्या अभियंत्याला मात्र आजच्या धरणाचे, आजच्या पाणीपातळीचे आणि काल रात्रीच्या कंपनांचे जुळे लागते. आणि ते त्या जगप्रसिद्ध छेदात नाही.